वाट बघ

अण्णा, मला तुमचा राग आलाय, आणि तो ऐकून घ्यायला तुमच्याशिवाय योग्य माणूस नाही, म्हणून लिहायला बसले. भर दुपार आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही, नवी पेठ उन्हानं गप्प पडलीय. गल्ल्याच्या वर तुमचा फोटो आहे. फोटोत तुम्ही हसताय. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात लोक. लोकांचं काय जातंय. तुमच्यामागं हे दुकान आईनं आणि मी ओढलं, चादरी-टॉवेल विकून धाकट्याला इंजिनिअर केलं, आणि रोज सकाळी तुमच्या फोटोला हार घालताना एकदाही वाकडा शब्द बोलले नाही. आज बोलणार आहे. मध्ये बोलू नका.

पांढरी गाडी आठवते का? आठवणारच. आमचे वाढदिवस तुमच्या लक्षात राहायचे नाहीत, पण गाडी कुठल्या वारी आणली ते तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. ती आणल्या आणल्या तुम्ही पेठेतल्या पेंटरला बोलावलं आणि मागच्या काचेवर लिहून घेतलं, ‘वाट बघ’. लाल अक्षरं, पिवळी कड. पेंटर बिचारा म्हणाला, शेठ, सगळे देवाचं नाव घालतात. तुम्ही म्हणालात, “देव म्होरं हाय की, डॅशबोर्डवर. मागं लोकं असत्यात. लोकांस्नी जे सांगायचं ते लिव्ह.” पेंटरसुद्धा हसला. दुकानासमोर गाडी लावताना तुम्ही मुद्दाम तिचं तोंड दुकानाकडे आणि पाठ रस्त्याकडे करायचात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं. मी मागच्या सीटवर गुडघे टेकून उलटी बसायची. आतून ती अक्षरं उलटी दिसायची आणि त्यांच्या पलीकडे मागच्या गाडीवाल्याचं तोंड. तो हॉर्न वाजवतोय, दिवे मारतोय, आणि तुम्ही रस्त्याच्या मधोमध. “काय म्हणतंय गं त्ये?” तुम्ही विचारायचात. “चिडलंय, अण्णा.” “चिडू दे. आपण साइड देत न्हाय.” मला लई भारी वाटायचं. त्या वयाच्या पोरीला काय कळतंय, बाप जिंकतोय एवढंच कळतं.

आणि एरवी तुम्ही असे नव्हता, त्याचाच तर राग येतो. दुकानात एखादी बाई पन्नास चादरी उलगडायला लावून काही न घेता उठली तरी तुम्ही तिला “बसा की, चहा घिऊन जावा” म्हणायचात. माळशिरसची जमीन चुलत्यांनी वाटून घेतली तेव्हा तुम्ही हूं की चूं केलं नाही. पण स्टिअरिंग हातात आलं की तुमच्या अंगात यायचं. कुणी नुसता मागून जवळ आला तरी तुमची मान ताठ व्हायची, डोळे आरशात, आणि आई पदराचं टोक मुठीत धरायची. बारावीची परीक्षा झाल्यावर मी म्हटलं होतं, अण्णा, मला गाडी शिकवा. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. “तुला न्हाय जमायचं. तू साइड देत बसशील सगळ्यांना.” तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, तुम्ही मला शाबासकीच दिली होती, फक्त तुम्हाला ती कळली नव्हती.

आता ती संध्याकाळ. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला लिहायची आहे. माळशिरसहून परत येतोय आपण, मामाच्या पोरीचं लग्न उरकून. धाकटा तापानं फणफणलाय म्हणून त्याला सोलापुरातच आत्याकडे ठेवलाय. दिवस मावळलाय, उसाचा हंगाम आहे, रस्ता तेव्हाचा, एक गाडी जाणार एक येणार एवढाच. मागं एक करड्या रंगाची छोटी गाडी आहे. ती दोनदा दिवे मारते. तुम्ही मधोमध. ती जरा मागं राहते, पुन्हा येते. मग रस्ता मोकळा दिसतो तशी ती उजवीकडून बाहेर काढते आणि आपल्या बरोबरीनं येते. आपल्या पुढं, आपल्याच बाजूला, उसाची ट्रॉली चाललीय. आई म्हणते, “म्होरं ट्रॉली हाय. द्या की हो साइड.” आवाज चढवत नाही ती. भाजी वाढू का विचारावं तसं म्हणते. आणि तुम्ही पाय दाबता. “बघू दे की वाट त्येला.” हे तुमचे शेवटचे शब्द, अण्णा. लोकांचे बाप जाताना दोन चांगल्या गोष्टी सांगून जातात.

तो करड्या गाडीवाला थांबला होता. त्यानं मला मागच्या दारातून ओढून काढलं, आईला उचलून स्वतःच्या गाडीत आडवी घातली. तुमच्याजवळ दोनदा गेला आणि दोनदा मान हलवत परत आला. ज्याला तुम्ही साइड दिली नाही त्याच्याच गाडीत तुमची बायको दवाखान्यात पोचली, त्याच्या सीटला तिचं रक्त लागलं, आणि मामा येईपर्यंत तो तिथल्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिला. जाताना मला म्हणाला, “मला काय घाई नव्हती, ताई. तुमची गाडी घटकेत हळू, घटकेत जोरात, म्हणून म्हटलं पुढं होऊन जावं.” घाई नव्हती त्याला. एवढ्यासाठी. आईचं खुब्याचं हाड मोडलं ते नीट बसलंच नाही. दुकानाच्या पायऱ्या चढताना ती अजून शटरच्या पट्टीला धरते.

मग घरात एक गोष्ट तयार झाली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा आणि आई मान डोलवायची. खोटं नव्हतं ते. दिवा नव्हताच. पण आईला जी ट्रॉली दिसली ती तुम्हाला दिसली नाही असं कसं होईल? दिसली होती. दिसली म्हणूनच तुम्ही दाबली, आधी तुम्ही ट्रॉलीच्या पुढं काढणार, मग तो बसेल वाट बघत. धाकटा तेव्हा लहान होता. त्याला तुम्ही त्या गोष्टीतूनच मिळालात. अण्णांना उभ्या जिल्ह्यात कुणी ओव्हरटेक केलं नाही, अण्णांचा हात असा बसलेला, अण्णा असते तर. चुलते सांगायचे, दुकानातले गडी सांगायचे, आणि आई भाकरी थापत ऐकायची. ती बोलत नाही तोवर मी कोण बोलणार? मी तुमच्या फोटोकडे बघायची आणि दात खायची.

मी गाडी शिकले तीच पस्तिशी ओलांडल्यावर, आईला दवाखान्यात न्यायला-आणायला. आणि शिकल्यावर मला एक वेड लागलं. कर्नाटकात, इथून काही तासांवर, माळरानावर एकानं गाड्या पळवायला ट्रॅक बांधलाय. महिन्या-दीड महिन्यातून एखादा दिवस तो साध्या माणसांसाठी उघडा ठेवतात. तुम्ही लगेच मिशीवर हात फिरवाल, म्हणून आधीच सांगते, ती शर्यत नाही. नंबर नाही, कप नाही, घड्याळसुद्धा लावू देत नाहीत. आपापली रोजची गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं, टायर-ब्रेक तपासून घ्यायचे, आणि मोकळ्या रस्त्यावर जिथं समोरून कुणी येत नाही, तिथं गाडी काय करते, आपण काय करतो ते बघायचं. संध्याकाळी घरी यायचं. मी गेले ती हौस म्हणून नाही. मला एवढंच बघायचं होतं, की त्या संध्याकाळी तुम्हाला वाचता आलं असतं का.

तिथं शिकवायला एक मास्तर आहेत, कोल्हापूरकडचे, पूर्वी शर्यतीत पळालेले. पहिल्या दिवशी सगळ्यांना सावलीत उभं करून ते म्हणाले, “हितं येताना समदे बूट आणत्यात, हेल्मेट आणत्यात, आणि एक गाठोडं लपवून आणत्यात. मी कोण हाय ठाऊक न्हाय का, ह्याचं गाठोडं. ते गेटवर ठेवा. जाताना पायजे तर परत न्या, कोण चोरत न्हाय.” मग त्यांनी पहिला नियम सांगितला. मागची गाडी जवळ आली की सरळ रस्ता लागताच हात खिडकीबाहेर काढायचा, कुठल्या बाजूनं जा ते दाखवायचं, आणि आपला पाय जरा उचलायचा. हात दिसल्याशिवाय कुणी कुणाला ओलांडायचं नाही. कळलं का, अण्णा? साइड द्यायची. तिथला पहिला धडा साइड देण्याचा, ब्रेकच्याही आधी. एक पोटसुटा गृहस्थ म्हणाला, म्हणजे आपण हरलो असं नाही का होत? मास्तर म्हणाले, “हात काढला म्हंजी तुमाला आरसा दिसतोय, एवढंच हुतं.” मला तुम्ही तिथं उभे हवे होता. त्या पोटसुट्याच्या शेजारी.

मग ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले. मी अंग चोरून, नाकासमोर बघत चालवत होते. म्हणाले, “ताई, बॉनेट काय बघताय? वाट बघा. वळणाच्या पलीकडची वाट बघा, हात आपसूक तिकडं जातोय.” मी गाडी कडेला घेतली. त्यांना वाटलं मला गरगरलं, ते पाणी आणायला गेले. हेल्मेट घालून रडता येत नाही, अण्णा, डोळे पुसायला आधी ते काढावं लागतं. तेच दोन शब्द. मागच्याला दाखवायला काचेवर लिहून घेतलेत, आणि स्वतः एकदा वाचले नाहीत.

आणि मला जे बघायचं होतं ते एका दुपारी बघितलं. मास्तरांनी दुसऱ्या एकाला माझ्या बरोबरीनं गाडी चालवायला सांगितली आणि मला म्हणाले, ब्रेकला हात-पाय लावू नका, नुसता पाय उचला. मी उचलला. ती गाडी एका श्वासात पुढं निघून गेली आणि माझ्यापुढं सगळा रस्ता रिकामा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काही कसब लागत नाही त्याला. तुमच्यासारखा बसलेला हात लागत नाही. पाय उचलायचा. चपलेतला पाय. तेवढ्यानं आईचा खुबा राहिला असता, धाकट्याला बाप राहिला असता, आणि मला कॉलेज सोडून गल्ल्यावर बसावं लागलं नसतं. त्या दिवशी मी एवढ्या संतापानं घरी आले की तुमचा हार दुसऱ्या दिवशी आईला घालावा लागला.

हे सगळं मी गिळून बसले असते. पण मागच्या वेळी धाकटा आला. पुण्यात त्याचं चांगलं चाललंय, नवी लाल गाडी घेतलीय, इंजिन असं की उभ्या उभ्या गुरगुरतं. ताई जाते तर मी पण येतो म्हणाला. आदल्या दिवशी गाडी दारात लावली आणि आईला हाताला धरून बाहेर आणलं, डोळे मिटायला लावून. मागच्या काचेवर रेडियमची लाल अक्षरं, पिवळी कड. ‘वाट बघ’. जुन्या फोटोवरून तंतोतंत करून घेतलेली. आईच्या डोळ्याला पाणी आलं. त्याला वाटलं आनंदानं. त्यानं तिला मिठी मारली, आणि त्याच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडे बघितलं.

ट्रॅकवर तो माझ्या आधी सुटला. गाडी त्याची भारी, पण वळण आलं की तो उशिरा ब्रेक मारणार, गाडी नाक खाली घालणार, वळणातून आडवीतिडवी बाहेर पडणार. माझी गाडी साधी, पण मी वाट बघून चालवते. दोन फेऱ्यांत मी त्याच्या मागं. सरळ रस्ता आला, हात नाही. त्यानं नुसती दाबली. पुन्हा वळण, पुन्हा मी मागं, पुन्हा सरळ रस्ता, आणि हात नाही. त्याच्या आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. माझ्याकडेच बघत होता, पुढं नाही. आणि माझ्या पुढच्या काचेत ती अक्षरं. सारं लहानपण मी ती आतून, उलटी वाचली होती. पहिल्यांदा बाहेरून, मागच्या गाडीतून, सरळ वाचत होते. तेव्हा मला कळलं की त्या करड्या गाडीवाल्याला काय दिसलं असेल. वाट बघ म्हणणारी एक काच आणि तिच्या आतून मागं वळून बघणारी एक पोरगी. पुढच्या वळणावर धाकट्याचं मागचं चाक मातीत गेलं, गाडी हलली, कशीबशी परत आली. मी पाय उचलला आणि सरळ बाहेर आले.

मास्तरांना म्हटलं, ती लाल गाडी काढा बाहेर. म्हणाले, कोण हाय? म्हटलं, माझा भाऊ. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काळा झेंडा दाखवायला लावला. काळा झेंडा म्हणजे गाडी आत आण, तुझं झालं. तो आला, हेल्मेट बॉनेटवर आपटलं. “घरच्या माणसाला झेंडा दाखवायला लावलास? सगळ्यांसमोर? आपण साइड देत नाही, माहीत नाही का तुला? अण्णांचं रक्त आहे हे.” बस. तिथं माझं सुटलं. मी ओरडले नाही, तुमच्या बायकोसारखंच बोलले. ट्रॉली कुठं होती, ती करडी गाडी कुठं होती, आई काय म्हणाली, तुम्ही काय म्हणालात. त्याचं तोंड पांढरं पडलं. “खोटं बोलतेस तू. ट्रॉलीला दिवा नव्हता.” म्हटलं, आईला विचार.

त्यानं तिथंच फोन लावला, आवाज मोठा करून. आईचा पहिला प्रश्न, “जेवलासा का दोघं? शेंगाचटणी डब्याच्या खालच्या पुडात हाय.” त्यानं विचारलं, “आई, तू अण्णांना साइड द्या म्हणाली होतीस का?” पलीकडून पेठेतला रिक्षाचा हॉर्न तेवढा ऐकू आला. मला वाटलं ती आताही ट्रॉली पुढं करणार. “व्हय,” आई म्हणाली. “म्हणले हुते. ट्रॉली बी दावली हुती.” तो म्हणाला, “मग इतकी वर्षं?” “तुला बाप न्हवता रं लेकरा. न्हाय त्यो बाप तरी तुला चांगला असू दे म्हणलं.” मग म्हणाली, “आता सावकाश या. मी वाट बघते.” आणि फोन ठेवला. इतकी वर्षं ती हेच करतेय, अण्णा. कुणाला दहा मिनिटं उशीर झाला की दारात. तुमच्या काचेवरचं वाक्य तुम्ही गेल्यावर तिनं पाळलं.

धाकटा गाडीच्या सावलीत बसून राहिला. कडक भाकरी हातात धरून, न खाता. मग शेवटच्या फेऱ्यांना मास्तर त्याच्या शेजारी बसले आणि तो पुन्हा ट्रॅकवर गेला. दिसेल त्याला हात. तो पहिल्या दिवशीचा पोटसुटा गृहस्थ मागं आला तर त्यालाही हात. त्या माणसाला पुढं जायचंच नव्हतं, तो बिचारा कावराबावरा होऊन मागंच राहिला. मला हसू आलं आणि मग हसूचंही रडू झालं. परत येताना तो माझ्या पुढं होता. ती काच शहर येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर. होटगी रोडला आल्यावर, मी काही मागितलेलं नसताना, त्याचा हात खिडकीबाहेर आला. जा म्हणाला. मी गेले. आई दारात उभी होती, शटरला धरल्यासारखी चौकटीला धरून. तिनं आधी दोन्ही गाड्या बघितल्या, मग आम्हाला.

काचेवरची अक्षरं त्यानं काढली की नाही ते मी विचारलेलं नाही. ते त्याचं त्यानं बघावं. पुण्याला जायच्या आधी तो दुकानात आला, तुमच्या फोटोपुढं बराच वेळ उभा राहिला आणि मला म्हणाला, “ताई, मी सोडलं बघ अण्णांना. तू पण आता माफ कर की.” मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, बाजूला हो.

अण्णा, हे पत्र कुठं टाकणार मी. चादरींच्या घडीत घालून ठेवीन नाहीतर फाडीन. पण जाता जाता एक सांगते. तुम्ही इतकी वर्षं माझ्या मागं आहात हे मला ठाऊक आहे. रोज हार घालताना तुम्ही मागून दिवे मारता, सोड की गं आता, म्हणता. आईनं सोडलं, धाकट्यानं सोडलं. मी ट्रॅकवर अनोळखी माणसांना दिवसभर हात काढून पुढं जाऊ देते, मला त्याचं काही वाटत नाही, आणि तुमच्यासाठी मात्र हा हात बाहेर येत नाही. मला साइड देता येते, पण तुम्हाला नाही. शेवटी पोरगी तुमचीच. बघा वाट.